आगाखान पॅलेस पहिल्यांदा पाहायला जाताय? मग असं जा

पुण्यात नव्याने राहायला आलेल्या माणसाला शनिवारवाडा, दगडूशेठ, सिंहगड ही नावं पहिल्याच आठवड्यात कुणी ना कुणी सांगतं. आगाखान पॅलेस मात्र विमानतळावर जाता-येता नगर रोडवरून दिसत राहतो आणि ‘एकदा जायचंय’ म्हणता म्हणता वर्षं निघून जातात. जे जातात त्यांतले बरेच जण समोरच्या हिरवळीवर फोटो काढतात, दोन दालनांतून चक्कर मारतात आणि मागच्या बाजूला समाध्या आहेत हे न कळताच परत फिरतात. घरी आलेले पाहुणे, बाहेरगावाहून नोकरीसाठी आलेले सहकारी, भाचरं अशा अनेकांना मी तिथे घेऊन गेले आहे. थोडी तयारी करून आलेला माणूस आणि नुसता आलेला माणूस यांच्या पाहण्यात फार फरक पडतो, म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. ही इमारत दिसते राजवाड्यासारखी, पण पाहायची आहे ती बंदिवासाची जागा म्हणून. एका श्रीमंत कुटुंबाचं हे घर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारने तुरुंग केलं. तिथे ठेवलेल्या माणसांपैकी दोघं जिवंत बाहेर आली नाहीत. हे मनात ठेवून आत गेलात तर साध्या खोल्याही बोलायला लागतात.

१. आधी जागेची ओळख नीट करून घ्या

हा वाडा १८९२ मध्ये सुलतान मुहम्मद शाह, म्हणजे तिसरे आगाखान, यांनी उभारला. ते इस्माइली पंथाचे इमाम. त्यांचा जन्म १८७७ चा, म्हणजे तेव्हा त्यांचं वय जेमतेम पंधरा. आसपासच्या दुष्काळग्रस्त लोकांना काम मिळावं, हा बांधकामामागचा हेतू होता असं सांगतात. पुढे १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, चौथ्या आगाखानांनी ही वास्तू भारतीय जनतेला देऊन टाकली. २००३ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने तिला राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक म्हणून जाहीर केलं.

नवखी माणसं दोन गोष्टींत हमखास गोंधळतात. पहिला गोंधळ येरवडा तुरुंगाचा. येरवडा मध्यवर्ती कारागृह वेगळं, हा पॅलेस वेगळा. १९३२ चा पुणे करार झाला तो येरवडा तुरुंगात. ते कारागृह आजही चालू आहे, तिथे सहज म्हणून जाता येत नाही. रिक्षावाल्याला ‘गांधीजींना ठेवलं होतं तिथे’ असं सांगितलंत तर तुम्ही तुरुंगाच्या दारात उतराल. ‘नगर रोडचा आगाखान पॅलेस’ एवढंच सांगा.

दुसरा गोंधळ समाधीचा. गांधीजींचं निधन इथे झालेलं नाही, ते दिल्लीत झालं. इथे त्यांच्या अस्थींचा काही अंश ठेवलेला आहे. ज्या दोघांवर याच आवारात अंत्यसंस्कार झाले ते म्हणजे कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई.

२. पाच तारखा डोक्यात ठेवून जा

ही पायरी कंटाळवाणी वाटेल, पण एवढं केलंत तर आतल्या फलकांवर अवलंबून राहावं लागणार नाही. मी तर सोबतच्यांना जाताना गाडीतच हे सांगून टाकते.

पहिली तारीख ९ ऑगस्ट १९४२. आदल्या रात्री मुंबईत गवालिया टँक मैदानावर ‘चले जाव’चा ठराव झाला आणि पहाटेच अटकसत्र सुरू झालं. युद्ध ऐन भरात होतं. मार्चमध्ये रंगून पडलं होतं, जपानी फौजा हिंदुस्थानच्या सीमेकडे सरकत होत्या आणि अशा वेळी आंदोलन पेटू द्यायचं नाही असं सरकारने ठरवलं होतं. नेत्यांना घेऊन खास रेल्वेगाडी पुण्याकडे निघाली. गांधीजींना आणि त्यांच्या सोबतच्यांना चिंचवडला उतरवून मोटारीने इथे आणलं, तर नेहरू, पटेल, आझाद वगैरे मंडळींना पुढे अहमदनगरच्या किल्ल्यात नेलं. चिंचवडला राहणाऱ्या माझ्या एका सहकाऱ्याला हे ऐकून फार नवल वाटलं होतं. रोज लोकल पकडतो त्या स्टेशनचा असा संबंध असेल हे त्याच्या गावीही नव्हतं. कस्तुरबा त्या संध्याकाळी शिवाजी पार्कच्या सभेत गांधीजींच्या जागी बोलणार होत्या. सभेला जाण्याआधीच त्यांना पकडलं आणि दोन दिवसांनी इथे आणलं.

दुसरी तारीख १५ ऑगस्ट १९४२. इथे येऊन आठवडाही झाला नव्हता तोच महादेवभाई हृदयविकाराच्या झटक्याने गेले. वय अवघं पन्नास. १९१७ पासून ते गांधीजींचे सचिव होते, पंचवीस वर्षं सावलीसारखे सोबत. गांधीजींनी स्वतःच्या हातांनी त्यांना शेवटची आंघोळ घातली. बरोबर पाच वर्षांनी हीच तारीख देशाचा स्वातंत्र्यदिन झाली. पण या आवारात पाय ठेवल्यावर मला १५ ऑगस्ट म्हटलं की आधी महादेवभाई आठवतात.

तिसरी १० फेब्रुवारी १९४३. देशभर उसळलेल्या हिंसाचाराचा दोष सरकारने काँग्रेसवर टाकला होता. त्याच्या निषेधार्थ गांधीजींनी एकवीस दिवसांचं उपोषण याच घरात केलं. उपोषणापुरतं सोडतो, असं सरकारने म्हटलं, त्यांनी नकार दिला. वय त्र्याहत्तर. मधल्या दिवसांत ते वाचतील असं वाटत नव्हतं. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातल्या तिघांनी राजीनामे दिले, त्यांत आपले विदर्भाचे लोकनायक बापूजी अणे होते. ३ मार्चला उपोषण सुटलं.

चौथी तारीख २२ फेब्रुवारी १९४४, महाशिवरात्र. कस्तुरबा गेल्या. कित्येक महिने दम लागत होता, हृदय थकलं होतं. शेवटच्या दिवसांत मुलगा देवदास यांनी पेनिसिलिन मागवलं होतं. तेव्हा ते औषध अगदी नवं आणि दुर्मीळ. पण दर काही तासांनी सुई टोचायची म्हटल्यावर गांधीजींनी नको म्हटलं. या निर्णयाबद्दल आजही लोक वाद घालतात. तुम्हीही घालाल. त्यांच्या मांडीवर डोकं ठेवूनच बा गेल्या. गांधीजींनी कातलेल्या सुताची साडी त्यांना नेसवली होती. आणि चितेसाठी जे चंदन वापरलं ते सरकारने आदल्या वर्षीच्या उपोषणाच्या वेळी गांधीजींसाठी आणून ठेवलेलं होतं, असं सोबतच्या बंदिवानांच्या आठवणींत आहे.

पाचवी ६ मे १९४४. गांधीजींना मलेरियाने पोखरलं होतं. आणखी एक मृत्यू कैदेत नको म्हणून सरकारने सोडलं. हा त्यांचा शेवटचा कारावास.

त्यांच्यासोबत इथे सरोजिनी नायडू, गांधीजींच्या इंग्रज शिष्या मीराबेन, डॉ. सुशीला नय्यर आणि त्यांचे भाऊ, गांधीजींचे सचिव प्यारेलाल ही मंडळी होती. ही नावं फोटोंखाली येतील, तेव्हा ओळख पटेल.

३. दिवस आणि वेळ निवडा

स्मारक साधारणपणे सकाळी ९ ते संध्याकाळी ५.३० उघडं असतं. निघण्याआधी त्या दिवसाची वेळ पाहून घ्या. शक्य असेल तर सकाळी उघडल्या उघडल्या जा. दहाच्या आत पोहोचलात तर व्हरांड्यात निवांतपणा मिळतो. दुपारी शाळांच्या सहली येतात, आणि पोरांचा गलबला स्वाभाविकच आहे. चारनंतर जाऊ नका. तिकीट मिळेल, पण समाध्यांपर्यंत पोहोचेपर्यंत शिट्ट्या सुरू होतात.

पाहायला किती वेळ लागेल, तर दीड ते दोन तास धरा. अर्ध्या तासात ‘उरकणारे’ लोक मी पाहिलेत. विमान पकडायच्या घाईत असाल तर त्या दिवशी जाऊच नका.

महाशिवरात्रीला कस्तुरबांच्या आठवणीसाठी, तसंच २ ऑक्टोबर आणि ३० जानेवारीला इथे कार्यक्रम होतात. प्रार्थनेला बसायची इच्छा असेल तर तो दिवस धरा, शांतपणे दालनं पाहायची असतील तर तो टाळा.

ऋतूचं म्हणाल तर जुलै ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मेमध्ये उन्हाचा तडाखा असतो, आणि समाध्यांकडे जायचं तर उघड्यावरून चालावं लागतं.

४. सोबत काय घ्यायचं

- एखादं ओळखपत्र, आधार असेल तर उत्तम. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं, त्यामुळे अंगाने थोराड मुलगा किंवा मुलगी सोबत असेल तर वयाचा पुरावा फोनमध्ये ठेवा.
- यूपीआय चालणारा फोन आणि थोडे सुटे पैसेही. नेटवर्क दगा देतं तेव्हा सुटेच कामी येतात.
- पाण्याची बाटली, टोपी किंवा छत्री.
- पटकन काढता-घालता येतील अशा चपला. समाध्यांच्या चौथऱ्याजवळ पादत्राणं काढायची असतात.
- चष्मा. हसू नका, अनेक पत्रं आणि फोटोंखालच्या ओळी बारीक अक्षरात आहेत आणि आमच्या घरची ज्येष्ठ मंडळी नेमका तोच गाडीत विसरतात.

मोठी बॅग, खाण्याचे डबे, ट्रायपॉड घरीच ठेवा. आतल्या हिरवळीवर डबा उघडून बसणं बरोबर दिसत नाही आणि चालतही नाही.

५. पोहोचायचं कसं

सगळ्यांत सोपी मेट्रो. वनाझ–रामवाडी मार्गावर कल्याणीनगर स्थानकाला उतरा, तिथून रिक्षा करा किंवा सरळ चालत जा. पुणे रेल्वे स्टेशनवरून येणाऱ्यांना हीच मेट्रो थेट मिळते. स्वारगेट किंवा पिंपरीकडून येत असाल तर जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदला.

मेट्रोत बसलात की येरवड्यानंतर खिडकीबाहेर लक्ष ठेवा. मार्ग नगर रोड सोडून कल्याणीनगरमध्ये वळतो. मूळ आराखडा पॅलेससमोरून सरळ जाणारा होता. पण राष्ट्रीय स्मारकापासून १०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला कायद्याने मनाई आहे, म्हणून पूर्ण मार्गच वळवावा लागला. एका जुन्या घरासाठी मेट्रोने वळसा घेतला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पीएमपीच्या वाघोली, खराडी, विमाननगरकडे जाणाऱ्या बस नगर रोडनेच जातात. कंडक्टरला पॅलेसचं नाव सांगून ठेवा. रस्ता ओलांडायचा असेल तर सिग्नलवरूनच ओलांडा, दुभाजकावरून उड्या मारू नका. नगर रोडवरच्या गाड्या कुणासाठी थांबत नाहीत. स्वतःच्या गाडीने येणार असाल तर संध्याकाळी परतीची वेळ पाचच्या पुढे जाऊ देऊ नका, नाहीतर येरवड्यापर्यंत यायलाच तासभर जाईल.

६. तिकीट

भारतीयांना २५ रुपये, ऑनलाइन काढलंत तर २०. परदेशी पाहुण्यांना ३०० रुपये. तिकीट खिडकीजवळ क्यूआर कोड लावलेला असतो, रांग मोठी असेल तर तो स्कॅन करा. दर बदलले तर फलकावर दिसतीलच. परदेशी नागरिकत्व असलेले नातेवाईक सोबत असतील तर त्यांचं तिकीट वेगळं निघतं. ‘मूळचे पुण्याचेच आहेत हो’ असं म्हणत खिडकीवर वाद घालण्यात अर्थ नाही.

७. आत: आधी बाहेरून, मग खोल्या

गेटमधून आत शिरताच समोर कमानींचा पांढरा दर्शनी भाग दिसतो. सगळे तिथेच थांबतात. फोटो काढा आणि मग व्हरांड्यात चढा. इमारतीभोवती फिरणारा हा रुंद व्हरांडा मला सगळ्यांत जास्त आवडतो. एका टोकाला उभं राहून कमानींची रांग पाहा आणि ती तारांच्या कुंपणाआड, पहारेकऱ्यांच्या नजरेखाली होती असं मनात आणा. एवढं मोठं घर आणि एवढा पहारा मूठभर माणसांवर. खुद्द गांधीजींनी सरकारला लिहिलं होतं की ही लोकांच्या पैशाची उधळपट्टी आहे, आम्हाला साध्या तुरुंगात हलवा.

मग दालनं. फोटो, चित्रं, पत्रं असा क्रम आहे. दक्षिण आफ्रिकेपासूनची सगळी कथा पुन्हा वाचत बसलात तर इथल्या एकवीस महिन्यांपर्यंत पोहोचेपर्यंत पाय दुखायला लागतील. माझं ऐकाल तर आधीचा भाग भरभर पाहा आणि १९४२ नंतरच्या फोटोंपाशी थांबा. उपोषणातले गांधीजी पाहा. महादेवभाईंचा चेहरा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

त्यानंतर राहत्या खोल्या. आत जाता येत नाही, बाहेरूनच पाहायच्या. गादी, बैठं मेज, चरखा, भांडी, चपला. बस, एवढंच. वर भलंमोठं छत आणि खाली जमिनीवर हा संसार. बरेच जण इथे ‘काहीच नाही’ म्हणून पुढे जातात. दोन मिनिटं थांबून सामान मोजा. हॉलचा आकार आणि वापरलेली जागा यांचा मेळ घाला.

कस्तुरबांच्या खोलीपाशी मी मुलांना एक गोष्ट हमखास सांगते. बांना या कैदेत कॅरमचा नाद लागला होता. मीराबेन चांगलं खेळायच्या, बासुद्धा खेळायला बसायच्या. सत्तरी ओलांडलेल्या बांना गांधीजी याच घरात भूगोल आणि वाचन शिकवत होते, आणि राजधान्यांची नावं बांच्या डोक्यात काही केल्या राहत नव्हती. भिंतीवरच्या फोटोतली थकलेली म्हातारी बाई पोरांना एकदम आपल्या आजीसारखी वाटायला लागते.

वरचे मजले पाहुण्यांसाठी उघडे नाहीत. जिना दिसला म्हणून चढू नका. फोनने फोटो काढायला हरकत नसते, पण फ्लॅश बंद ठेवा. काचेवर फ्लॅश मारून फोटोही येत नाही आणि जुन्या कागदांना त्रास होतो तो वेगळाच. लग्नाआधीचे फोटोशूट, रील यांसाठी आधी परवानगी लागते. खरं सांगायचं तर परवानगी असली तरी इथे ते करू नये असं मला वाटतं.

८. समाध्या चुकवू नका

दालनं संपली की लोक आपोआप गेटकडे वळतात. तसं न करता पाटी पाहून इमारतीच्या मागच्या बाजूने बागेतून पुढे जा. पाटी सापडली नाही तर सुरक्षारक्षकाला ‘समाधी कुठे?’ एवढं विचारा.

महादेवभाई आणि कस्तुरबा यांच्या समाध्या शेजारी-शेजारी आहेत. समाधिस्थळाची रचना वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची. त्यात कुठेही भपका नाही, आणि तेच शोभतं. महादेवभाईंना अग्नी दिला ती जागा गांधीजींनी मातीने आणि दगडांनी आखून घेतली होती. कैदेत असेपर्यंत ते रोज तिथे फुलं घेऊन जात. बासुद्धा जात. त्या या जागेला शंकर-महादेवाचं देऊळ म्हणायच्या. अठरा महिन्यांनी, महाशिवरात्रीच्याच दिवशी, त्याच देवळाशेजारी त्यांची चिता रचली गेली. हे आधी माहीत असेल तर तिथे उभं राहिल्यावर आणखी काही सांगावं लागत नाही.

चपला काढा, आवाज खाली ठेवा, चौथऱ्यावर चढून फोटो काढू नका. फूल वाहायचं असेल तर घरून न्या, बागेतलं तोडू नका.

९. ज्येष्ठ आणि लहान मुलं सोबत असतील तर

व्हरांड्याला पायऱ्या आहेत आणि समाध्यांपर्यंतचं चालणं गुडघे दुखणाऱ्यांना जाणवतं. गेटवरच विचारून घ्या की कुठल्या बाजूने सोपं पडेल. आजी-आजोबांना आधी समाध्यांकडे न्या, ताकद असते तोवर. दालनं नंतर बसत-उठत पाहता येतात.

लहान मुलांना सगळं सांगायला जाऊ नका. त्यांना फक्त तीन माणसं ओळखायला सांगा: बा, बापू आणि महादेवभाई. फोटोंमध्ये शोधत फिरतात आणि कंटाळत नाहीत.

शाळेची सहल असेल तर शिक्षकांनी शाळेच्या शिक्क्याचं पत्र, विद्यार्थ्यांची यादी आणि वयं लिहून आणावीत. पन्नास-साठ मुलं एकदम खोल्यांसमोर उभी केली तर मागच्यांना काहीही दिसत नाही. दोन गट करा, एक दालनांत आणि एक समाध्यांकडे, मग अदलाबदल करा.

१०. निघण्याआधी

आवारात खादी विक्रीचं दुकान आहे. सूत, पंचे, कुडते, साबण असं मिळतं. आत दाखवलेला चरखा नेमका कसा चालतो हे तिथल्या माणसाला विचारा, वेळ असेल तर सांगतात.

भूक लागली असेल तर कल्याणीनगर आणि विमाननगर दोन्हीकडे खाण्याची भरपूर सोय आहे. आणि पुण्यातला गांधीजींशी संबंधित आणखी एक टप्पा त्याच दिवशी जोडायचा असेल तर परतीच्या मेट्रोने पुणे स्टेशनला उतरा. जवळच ससून रुग्णालय आहे. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री, येरवड्याच्या कैदेत असताना, गांधीजींची अपेंडिक्सची शस्त्रक्रिया कर्नल मॅडॉक यांनी तिथेच केली होती. मात्र ते चालतं सरकारी रुग्णालय आहे, रुग्णांची गर्दी असते. तेव्हा बाहेरून दगडी इमारत पाहा आणि पुढची मेट्रो पकडा.